संगणकाचे संरक्षण : किती विकत घ्यावे?

वीस वर्षांपूर्वी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग निवडून संगणक असेंबल करून आणणाऱ्या गृहस्थाला, त्याबरोबर अँटीव्हायरसचा खोकाही विकत घ्यावा किंवा कसे, याचा फारसा विचार करावा लागत नसे. कारण त्या काळच्या विंडोजमध्ये विषाणूंना अटकाव करणारी स्वतःची अशी पुरेशी व्यवस्था नव्हती, आणि फ्लॉपी, सीडी व पुढे पेन ड्राइव्ह यांच्या वाटेने येणारा उपद्रव इतका सार्वत्रिक होता की, अधूनमधून दुकानात नेऊन ‘फॉरमॅट मारून’ आणणे हा संगणक बाळगण्याच्या खर्चाचाच एक भाग समजला जाई. आज त्याच घरात नवा लॅपटॉप येतो तेव्हा दुकानदाराचा सल्ला मात्र पूर्वीचाच असतो. “काका, अँटीव्हायरस टाकून देऊ ना? तीन वर्षांचा घेतलात तर स्वस्त पडेल,” असे तो म्हणतो, आणि त्यात कपट असतेच असे नाही, वर्षानुवर्षे हाताखालून गेलेल्या बिघडलेल्या यंत्रांचा अनुभव त्याच्या तोंडून बोलत असतो. परंतु ज्या परिस्थितीत हा सल्ला निर्विवाद होता ती परिस्थिती पालटली आहे, आणि ती कशी पालटली हे ध्यानात घेतल्यावाचून हजार-दोन हजार रुपये द्यावेत की राखावेत याचा निर्णय नीट करता येणार नाही. माझे मत आरंभीच सांगून टाकतो : ज्या घरातील विंडोज अस्सल आहे, जिला निर्मात्याकडून सुरक्षा-सुधारणा अजून मिळत आहेत आणि ज्या घरातील माणसे वाटेल ते सॉफ्टवेअर वाटेल तेथून उतरवून घेत नाहीत, त्या घराला निराळा अँटीव्हायरस विकत घेण्याचे बहुधा प्रयोजन उरलेले नाही. मात्र या वाक्यातील प्रत्येक अट शब्दशः घ्यावयाची आहे.

या उद्योगाचा इतिहास आपल्यापासून फार दूरचा नाही. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम धर्तीच्या वैयक्तिक संगणकांवर पसरलेला पहिला विषाणू मानला जातो. संगणक सुरू होताना फ्लॉपीचा जो भाग सर्वांआधी वाचला जातो तेथेच तो ठाण मांडून बसे आणि तेथून पुढच्या फ्लॉप्यांवर जाई, आणि त्याच्या कर्त्यांनी त्यात आपली नावे, दुकानाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांकही नमूद करून ठेवले होते, इतका तो काळ या बाबतीत निरागस होता. पुढच्या दशकात पुण्यात, कॅल्क्युलेटरच्या दुरुस्तीपासून आरंभ केलेले कैलास काटकर यांच्या दुकानी येणाऱ्या संगणकांत हाच रोग वारंवार आढळू लागला. संगणकशास्त्र शिकत असलेले त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उतारा लिहावयास घेतला, आणि या दुरुस्तीच्या दुकानातून ‘क्विक हील’ हे नाव देशभर पसरले. मुंबईचे ‘ई-स्कॅन’ आणि चेन्नईचे ‘के-सेव्हन’ ही त्याच पिढीची नावे. मराठी घरांत अँटीव्हायरसविषयी जी एक आपुलकीची निष्ठा दिसते, तिच्या मुळाशी हा इतिहास आहे, आणि ती निष्ठा त्या काळापुरती पूर्णपणे रास्त होती.

त्या काळचा उपद्रव कसा होता हे आजही पाहावयाचे असल्यास तालुक्याच्या गावी महाविद्यालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जावे. अर्ज भरण्याचे दिवस असतात, दुकानातील एकच संगणक सकाळपासून रात्रीपर्यंत येणाऱ्या प्रत्येक मुलाचा पेन ड्राइव्ह गिळत असतो, आणि त्यांतला एखादा मुलगा आपला पेन ड्राइव्ह घरी नेऊन लावतो तेव्हा त्याच्या प्रत्येक फोल्डरच्या जागी, त्याच नावाचे परंतु कोपऱ्यात वळलेला लहान बाण असलेले चिन्ह त्याला दिसते. मूळ फोल्डर तेथेच असतात, परंतु दृष्टिआड केलेले असतात. आणि मुलगा बाणाच्या चिन्हावर क्लिक करतो तेव्हा आधी विषाणूची आज्ञा चालते व मगच त्याचा फोल्डर उघडतो, त्यामुळे काही बिघडले आहे असे त्याला वाटतही नाही. अशा ‘शॉर्टकट व्हायरस’ला ओळखण्याची रीत मूळची साधी होती : सापडलेल्या प्रत्येक विषाणूचा विशिष्ट ठसा नोंदवून ठेवावयाचा, त्या नोंदींची यादी ग्राहकाकडे रोज पाठवावयाची आणि प्रत्येक फाइल त्या यादीशी ताडून पाहावयाची. ही यादी राखणे, नवे नमुने गोळा करणे, त्यासाठी माणसे नेमणे हे खर्चाचे काम होते, आणि त्याचाच मोबदला म्हणून आपण वार्षिक वर्गणी भरत होतो.

हे काम विंडोजच्या निर्मात्याने हळूहळू स्वतःकडे घेतले. मायक्रोसॉफ्टने २००४ च्या अखेरीस ‘जायंट’ नावाची एक लहान कंपनी विकत घेतली, २००९ मध्ये ‘सिक्युरिटी एसेन्शियल्स’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य देऊ केले आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘डिफेंडर’ या नावाने संपूर्ण अँटीव्हायरस विंडोजमध्येच अंतर्भूत केला. आरंभी त्याची कामगिरी निकृष्ट होती हे मान्य केले पाहिजे. २०१२ च्या शरदात जर्मनीतील माग्देबुर्ग येथील ‘एव्ही-टेस्ट’ या परीक्षण-संस्थेने सिक्युरिटी एसेन्शियल्सला आपले प्रमाणपत्र नाकारले होते, आणि ‘फुकटचा अँटीव्हायरस काही कामाचा नाही’ हे जे मत आजही ऐकू येते ते त्याच काळातले आहे. पुढे मात्र जगातील कोट्यवधी विंडोज यंत्रांकडून येणारी माहिती एकत्र करण्याचा जो लाभ या कंपनीला आपसूक होता, त्याचा उपयोग तिने केला. ठशांच्या यादीच्या जोडीला, एखादी अनोळखी फाइल कशी वागते आहे याची पाहणी करून दूरच्या केंद्राकडे तत्क्षणी विचारणा करण्याची पद्धत आली. आणि गेली अनेक वर्षे त्याच माग्देबुर्गच्या परीक्षांत, संरक्षण, वेग व उपयुक्तता या तीन विषयांतील प्रत्येकी सहा गुणांपैकी डिफेंडर वारंवार पैकीच्या पैकी गुण मिळवत आला आहे. ऑस्ट्रियातील इन्सब्रुकची ‘एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज’ ही संस्थाही असेच निकाल नियमाने प्रसिद्ध करते, आणि विकत घेणाऱ्याने जाहिरातीपेक्षा हे निकाल पाहावेत. तेथे असे आढळेल की पैसे घेणारे उत्तम अँटीव्हायरस आणि विनामूल्य डिफेंडर यांच्यातील अंतर आता फार थोडे आहे, आणि ते परीक्षेगणिक इकडचे तिकडे होते.

आपल्या यंत्रात हे संरक्षण जागे आहे की नाही, हे पाहण्यास तज्ज्ञ लागत नाही. स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ असे लिहून ते पान उघडावे. तेथील चौकटींवर हिरवी खूण असली म्हणजे व्यवस्था चालू आहे. ज्याला प्रत्यक्ष प्रचीती हवी असेल त्याच्यासाठी युरोपातील संशोधकांनी एक निरुपद्रवी चाचणी फार पूर्वी ठरवून ठेवली आहे : ‘आयकार’ नावाची अवघ्या ६८ अक्षरांची एक ओळ, जी काहीही बिघडवत नाही, परंतु जी दिसताच प्रत्येक अँटीव्हायरसने विषाणू सापडल्याप्रमाणे हाकाटी करावयाची असा सर्व कंपन्यांचा संकेत आहे. ती ओळ नोटपॅडमध्ये चिकटवून फाइल साठवावी, आणि डिफेंडर जागा असेल तर क्षणार्धात ती फाइल उचलून बाजूला ठेवल्याची सूचना कोपऱ्यात उमटते.

आता ज्या अटी मी वर घातल्या त्यांच्याकडे वळतो, कारण खरा धोका तेथेच आहे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील दस्तऐवज कुलूपबंद केले आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची वेळ आणली. विंडोजच्या ज्या उणिवेतून तो शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच, म्हणजे जवळजवळ दोन महिने अगोदर, प्रसिद्ध केलेली होती. बळी पडली ती यंत्रे बहुतांशी ती दुरुस्ती न घेतलेली होती. ‘अपडेट फार वेळ खाते’ म्हणून ते वर्षभर लांबणीवर टाकणारा मनुष्य जेव्हा दुसरीकडे अँटीव्हायरसवर पैसे खर्च करतो, तेव्हा तो चुकीच्या जागी खर्च करत असतो. हीच गोष्ट विंडोज १० च्या बाबतीत आज आपल्यापुढे प्रत्यक्ष उभी आहे. त्या आवृत्तीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला; घरगुती ग्राहकांसाठी नोंदणी करून मिळणारी वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची ठरवण्यात आली; आणि विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसल्यामुळे जुने परंतु धडधाकट असे असंख्य संगणक त्या वाटेने पुढे जाऊ शकत नाहीत. अशा यंत्राच्या मालकाला दुकानदार उत्तम अँटीव्हायरस विकेल, परंतु विंडोजमध्येच उघडी पडलेली उणीव बाहेरचा अँटीव्हायरस बुजवू शकत नाही, फार तर तिच्यातून शिरणाऱ्यांपैकी काहींना तो ओळखेल. तेथे पैसा खर्चावयाचाच तर नव्या यंत्राकडे वळवावा, किंवा घरातील कोणी हौशी असेल तर त्या जुन्या यंत्रावर लिनक्स घालून घ्यावे. निदान बँकेचे व्यवहार तरी त्यावरून करू नयेत.

अस्सलपणाची अट मी जाणूनबुजून प्रथम ठेवली. आपल्याकडे संगणक असेंबल करून देणारे पुष्कळ जण विनापरवाना विंडोज ‘टाकून देतात’, आणि ती चालू राहावी म्हणून कुठून तरी उतरवलेला एक ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ चालवतात. हा अ‍ॅक्टिव्हेटर चालवण्यापूर्वी अँटीव्हायरस बंद करा, अशी सूचना त्याच्यासोबत जवळजवळ हटकून असते. संरक्षण बंद करून, सर्वाधिकार देऊन, अज्ञात माणसाने लिहिलेली आज्ञावली आपल्या हाताने चालवावयाची, आणि मग त्याच यंत्रावर दोन हजारांचा अँटीव्हायरस बसवून निश्चिंत व्हावयाचे, हा व्यवहार आपल्या मध्यमवर्गीय घरांत इतका रूढ आहे की त्यातली विसंगती कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि याचे मला खरोखर दुःख होते. फोटोशॉप, टॅली, खेळ, यांच्या चोरट्या प्रतींची कथा याहून निराळी नाही.

आणि याहून मोठी गोष्ट अशी की चोरांनी आपला मोर्चा यंत्राकडून माणसाकडे वळवला आहे. निवृत्त वडिलांना एक पत्र येते : आपल्या अँटीव्हायरसचे नूतनीकरण झाले असून खात्यातून अमुक हजार रुपये वजा होतील, हे मान्य नसल्यास पुढील क्रमांकावर संपर्क साधावा. वडिलांनी असा अँटीव्हायरस कधी घेतलेलाच नसतो, म्हणून ते घाबरून फोन करतात. पलीकडचा माणूस अत्यंत अदबीने “सर, रिफंडसाठी एक छोटंसं अ‍ॅप घ्यावं लागेल,” असे सांगून त्यांच्याकडून दूरस्थ नियंत्रणाचे सॉफ्टवेअर उतरवून घेतो, त्यावरील नऊ आकडी क्रमांक विचारून घेतो, आणि पडदा त्याच्या ताब्यात जातो. ते सॉफ्टवेअर स्वतः विषाणू नाही. जगभरच्या कचेऱ्यांत ते प्रामाणिकपणे वापरले जाते. त्यामुळे फुकटचा काय नि विकतचा काय, अँटीव्हायरस बहुधा त्याला हरकत घेत नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेले तत्त्वही येथे ठाऊक असावे : ग्राहकाची व बँकेची चूक नसताना तिऱ्हाइताकडून लबाडी झाली आणि बँकेचा निरोप आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकावर दायित्व राहत नाही, परंतु त्याने स्वतःच गुप्त क्रमांक सांगितला असेल, तर तक्रार नोंदवीपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. म्हणून १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक आई-वडिलांच्या दूरध्वनीत जतन करून देणे आणि ‘पैसे परत देण्यासाठी कोणीही अ‍ॅप घ्यायला सांगत नाही’ हे त्यांना शांतपणे, पुनःपुन्हा समजावून सांगणे, याची बरोबरी कोणताही खोका करू शकणार नाही.

पैशाच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, जी मला किमतीपेक्षाही अधिक महत्त्वाची वाटते. अँटीव्हायरस बसवणे म्हणजे आपल्या दप्तराचे कुलमुखत्यारपत्र परक्याच्या हाती देणे होय : प्रत्येक फाइल उघडण्याचा, प्रत्येक संकेतस्थळाची भेट पाहण्याचा, यंत्राच्या अंतर्भागात हवा तो फेरबदल करण्याचा अधिकार त्याला मिळतो, कारण त्यावाचून त्याला आपले काम करताच येत नाही. तेव्हा मुखत्यार कोण आहे हे पाहणे क्रमप्राप्त आहे. ‘अवास्ट’ हा चेक प्रजासत्ताकातील अँटीव्हायरस जगभर कोट्यवधी लोकांनी विनामूल्य म्हणून घेतला. त्याची ‘जम्पशॉट’ ही उपकंपनी ग्राहकांनी कोणकोणती पाने पाहिली याची माहिती विकत असल्याचे उघडकीस आल्यावर जानेवारी २०२० मध्ये ती बंद करण्यात आली, आणि अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले. रशियाच्या ‘कॅस्परस्की’वर अमेरिकन सरकारने जून २०२४ मध्ये विक्रीबंदी घातली, तेव्हा त्या देशातील अनेक ग्राहकांच्या संगणकांवर सप्टेंबरात त्याच्या जागी ‘अल्ट्राएव्ही’ नावाचा निराळाच अँटीव्हायरस आपोआप येऊन बसलेला दिसला. आणि १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या कंपनीच्या, कचेऱ्यांसाठीच्या संरक्षक सॉफ्टवेअरच्या एका सदोष सुधारणेमुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घ्यावे लागले. तेथे कोणी शत्रू नव्हता, केवळ सर्वाधिकार असलेल्या सॉफ्टवेअरची चूक होती. यावरून अँटीव्हायरस कंपन्या अप्रामाणिक आहेत असा निष्कर्ष कोणी काढू नये; परंतु डिफेंडर वापरताना आपण ज्या कंपनीवर विंडोजच्या निमित्ताने आधीच विश्वास टाकलेला आहे तिच्यावरच विसंबतो, आणि निराळा अँटीव्हायरस घेताना विश्वासाच्या यादीत आणखी एका नावाची भर घालतो, हा भेद ध्यानात असावा. विनामूल्य परके अँटीव्हायरस तर या विचाराने सर्वांत कमी पसंत करावेत.

मग पैसे कोणी द्यावेत? ज्यांच्या घरी संगणकाचाच धंदा चालतो, म्हणजे टॅलीत पाच-पन्नास अशिलांचे हिशेब ठेवणारे करसल्लागार, दिवसभर परक्यांचे पेन ड्राइव्ह घेणारे डीटीपीवाले, सामायिक संगणकावर शिकवणी घेणारे शिक्षक, त्यांनी अवश्य द्यावेत. कारण त्यांच्याकडे चूक होण्याच्या संधी अधिक आहेत आणि नुकसान त्यांच्या एकट्याचे नाही. ज्या वृद्ध दांपत्याची मुले परगावी आहेत, त्यांना अडचणीच्या वेळी फोनवर आपल्या भाषेत धीराने बोलणारा माणूस त्या वर्गणीत मिळत असेल, तर मी त्या माणसासाठी पैसे द्यावेत असे म्हणेन, सॉफ्टवेअरसाठी नव्हे. आणि अशी मदत मिळते की नाही हे खरेदीपूर्वी एकदा फोन लावून पाहावे. मुलांवर देखरेख, पासवर्डची तिजोरी, व्हीपीएन अशा जोडसोयींसाठी महागडा संच घेण्यापूर्वी त्यांतल्या किती खरोखर वापरल्या जातील, हे घरात बसून मोजावे, कारण त्यांतील बहुतेक सोयी अन्यत्र विनामूल्य मिळतात. मॅकवाल्यांना, अ‍ॅपलची आतली व्यवस्था पुरेशी आहे एवढेच सांगून थांबतो.

घेतलाच तर करारनामा वाचावा. पहिल्या वर्षाची सवलतीची किंमत व पुढील नूतनीकरणाची किंमत यांत मोठे अंतर असू शकते, आणि कार्डाची संमती दिलेली असली की वसुली आपोआप होते; ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा वसुलीची सूचना किमान २४ तास आधी ग्राहकाला मिळणे बंधनकारक आहे, ती सूचना न वाचता पुसून टाकू नये. नव्या लॅपटॉपबरोबर चाचणीपुरता आलेला अँटीव्हायरस मुदत संपताच ‘आपला संगणक असुरक्षित आहे’ असे लाल अक्षरांत बजावू लागतो. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, तो काढून टाकला की बाजूला सरलेला डिफेंडर पुन्हा कामावर रुजू होतो. दोन अँटीव्हायरस मात्र एकाच यंत्रात पूर्णवेळ ठेवू नयेत. ते एकमेकांनाच अडवतात.

जे पैसे वाचतील त्यांतून बाहेरची एक हार्ड डिस्क घ्यावी, असा माझा आग्रह आहे. खंडणीखोर विषाणू घरात शिरलाच, तर मुलीच्या बारशाची छायाचित्रे, वडिलांचे इच्छापत्र आणि जमिनीचे स्कॅन केलेले कागद परत मिळवून देण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्यांची दुसरी प्रत; अँटीव्हायरस तशी हमी देत नाही. ही डिस्क नकला होताच काढून कपाटात ठेवावी, कारण जोडलेली राहिली तर विषाणू तिलाही कुलूप घालतो. आणि वर्षातून एकदा तिच्यावरील दोन-चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात, कारण न उघडणारी नक्कल असून नसल्यासारखी असते. विंडोज सिक्युरिटीतच ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ या सदराखाली, अपरिचित सॉफ्टवेअरला आपल्या दस्तऐवजांच्या फोल्डरांत लिहिण्यास मनाई करण्याची सोय आहे; ती मुळात बंद ठेवलेली असते. ती सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात एखाद्या निर्दोष सॉफ्टवेअरचीही अडवणूक होईल, तेव्हा त्याचे नाव परवानगीच्या यादीत घालावे लागेल, आणि हे काम घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने किंवा मुलीने एका रविवारी करून दिले तरी पुरेसे आहे.